वरची ओळ

२ मार्च
काल बुटीबोरीचा कार्यक्रम. मैदान भरलं होतं. 'लुगडं' हे गाणं शेवटी ठेवलं, ते आधी म्हटलं तर लोकं उठून जातात. तिसऱ्या कडव्यातली वरची, उंच सुरातली ओळ आली अन् मी नेहमीसारखा माइक लोकांकडे केला. त्यांनी म्हटली, जोरात म्हटली. मी हात वर करून हसत उभी. मग शाल, नारळ, फोटो. धाग्याच्या कंपनीतल्या माझ्यासंगं काम केलेल्या पोरी भेटायले आल्या होत्या. म्हणे, तू सुटली वं बाई.

आज सकाळी वांग्याले फोडणी देता देता तीच ओळ सहज तोंडात आली. अर्ध्यात आवाज फाटला. पुन्हा घेतली, पुन्हा फाटला. गॅस बंद करून ओट्याले धरून उभी राहिली. ही ओळ मी स्वतः शेवटची कधी म्हटली तेच आठवून नाही राहिलं.

३ मार्च
आठवलं. दिवाळीनंतर उमरेडले. सर्दी होती, वर जाणं होणार नाही असं वाटलं, म्हणून घाबरून माइक समोर केला. पब्लिक वेडी झाली. प्रफुल्ल म्हणे, "हे मस्त झालं ना वं. आता दरवेळी असंच करू." सर्दी गेली. माइक समोर करणं राहिलं.

आज त्याले सांगितलं तर ढोलकाच्या दोऱ्या ओढत म्हणे, "सूर गेला असं कोण म्हणते? तू एकटीच म्हणून राहिली."
ढोलक तो वाजवतो, तारखा तो ठरवतो, अन् नवरा असल्यामुळं माझं काही ऐकत नाही.
पण मी एकटीच म्हणून राहिली, बाकी कोणाले समजलंच नाही, हेच तर भेव आहे.

६ मार्च
माय आली होती. बाजाची पेटी कुठं आहे म्हणे. कोपऱ्यात दाखवली. तिच्यावर शाली, त्यावर मोमेंटो, त्यावर प्रफुल्लचं हेल्मेट. माय एकेक वस्तू उचलून पलंगावर ठेवत गेली, पेटी पदरानं पुसली अन् चहा न पिता निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पेटी काढून बसली. गाणं काळी पाच पट्टीतलं. सा लागला, मधला सगळा भाग ठीक. वर जायच्या आधीच गळा आवळून येते.

आजीचं गाणं आहे ते. छप्पन साली कुहीकडच्या गावातून ती बैलगाडीनं धम्मदीक्षेले आली, शेजारणीचं पांढरं लुगडं मागून नेसून. माय ही गोष्ट सांगायची, कामठीच्या माझ्या गुरुजींनी चाल लावली. वरची ओळ म्हणजे आजी गाडीतून उतरून पहिल्यांदा ती गर्दी पाहते, ती. तेवढी एकच ओळ वर जाते. बाकी गाणं कोणीही म्हणेल.

१० मार्च
धंतोलीत गळ्याच्या डॉक्टरकडे गेली. नळी टाकून पाहिलं. म्हणे, काही नाही, गळा ठणठणीत आहे, वापरत चला.
बाहेर येऊन ऑटोत रडली. गाठ निघाली असती तर बरं झालं असतं, असं मनात आलं. सांगायले तरी झालं असतं. आता काय सांगू? टाळ्या मिळत होत्या म्हणून म्हणणं सोडलं?
प्रफुल्ल म्हणे, "पाहय, मी म्हणत नव्हतो? नॉर्मल आहे." अन् पाटोड्या बांधून आणल्या. एक खाल्ली, बाकीच्या त्याच्याकडे सारल्या.

१४ मार्च
कामठीहून फोन. गुरुजी गेले. झोपेतच.

जाऊन आलो. गुरुजींच्या बायको, काकू, भिंतीले टेकून बसल्या होत्या. मले पाहून म्हणाल्या, "आली वं." तेवढंच. गाणं गाजल्यापासून मी दोनदाच त्या घरी गेली. दोन्ही वेळा गाडी बाहेर चालू ठेवून.
निघताना काकू म्हणाल्या, पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजलीत तुझं लुगडं ठेवू. ह्यांलेच आवडायचं ते.
हो म्हटलं. नाही कसं म्हणणार.

१७ मार्च
झोप नाही. डोळे मिटले की ती ओळ येते अन् मी तोंड उघडते अन् काही निघत नाही.
पुण्यानुमोदनात लोकं बसून ऐकतात. संगं कोणी म्हणत नाही. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. लपायचं कुठं?
प्रफुल्लनं तोड काढली. म्हणे, एक पट्टी उतरवू, काळी चार घेऊ, कोणाले समजते? मी लगेच कबूल. इतक्या लवकर कबूल केलं की मलेच माझी लाज वाटली.

२३ मार्च
लिहायचं नव्हतं. पण वही घेतलीच.

कामठी, सकाळ. दारात मांडव, सगळे पांढऱ्या कपड्यांत. गुरुजींचा फोटो, पांढरी फुलं, मेणबत्त्या. भंतेजींनी पंचशील दिलं, दोघंतिघं बोलले, मग माझं नाव. छोटा स्पीकर, छोटा माइक. काळी चारमध्ये सुरू केलं. पहिलं कडवं बरं झालं, दुसरंही. तिसऱ्यात वर चढायले लागली, अन् माझा हात आपोआप पुढं गेला.

मी माइक लोकांसमोर धरला. पुण्यानुमोदनात.

कोणीच म्हटलं नाही. कसे म्हणतील? सगळे माझ्याकडे पाहून राहिले. प्रफुल्लचा ठेका चालू, अन् त्याच्यावर काहीच नाही. मले हात मागंही घेता येईना.

मग फोटोजवळून काकूंनी म्हटली. बसल्या जागेवरून, बिना माइकची. आवाज थरथरता, श्वास कमी, मधला एक शब्द गिळला. पण सूर बरोबर. वर गेल्या अन् उतरल्या. मी पुढचं कडवं कसं संपवलं माहीत नाही.

जेवणं चालू असताना काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. "शब्द विसरली वाटलं मले, म्हणून म्हटली. राग नको मानू."
मी म्हटलं, काकू, शब्द नाही विसरली.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हे तुझा व्हिडिओ पाहत ना मोबाइलवर. त्या ओळीवर आलं की दरवेळी विचारत, आता पोरगी कुठं गेली?"

म्हणजे गुरुजींले माहीत होतं. घरबसल्या माहीत होतं. अन् मले कधी फोन नाही केला. काहून नाही केला? मी करीन म्हणून वाट पाहत असतील काय?

२४ मार्च
पहाटे पेटी. नुसता खर्ज, खालचा सूर. गुरुजी महिना महिना खर्जच लावायचे, तेव्हा मी कंपनीतून शिफ्ट करून यायची अन् मनातल्या मनात कंटाळायची.
वरच्या मजल्यावरचे निंबाळकर खिडकीतून म्हणे, ताई, आता स्टार झाल्या, आता कशाले इतकं? चांगल्या मनानं म्हणे बिचारा. मी खिडकी लावून पुन्हा खर्ज धरला.

२९ मार्च
आज वरचा सूर लागला. एकदा. काळी पाचमध्येच. इतकी दचकली की हातातून पेटीचा भाता सुटला. पुन्हा घेतला, नाही.
एकदा लागला हे जास्त वाईट आहे. आता काय गेलं ते नेमकं समजते.

२ एप्रिल
जयंतीचा कार्यक्रम ठरला. चौदा तारखेले संध्याकाळी, इंदोऱ्याजवळ. बॅनर लागलं. माझा फोटो ढोलाएवढा, खाली 'लुगडं फेम'. म्हणजे मी लुगड्यामुळं, अन् लुगडं त्या ओळीमुळं, अन् ती ओळ माझ्याजवळ नाही. चौकातून जाताना तोंडाले ओढणी बांधून गेली.

५ एप्रिल
प्रफुल्ल जेवताना हळूच म्हणे, "ट्रॅकवर करू काय? रेकॉर्डिंग आहे ना चांगलं. तू फक्त ओठ हलव. आजकाल सगळेच करून राहिले."
ताट सारलं मी. तुले लाज नाही काय गा, म्हटलं.
तोही चिडला. "अन् आवाज फाटला तर? उद्या तेच क्लिप सगळीकडं फिरेल. मंग कोण बोलावते? पुन्हा जाशील कंपनीत?"
बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. तेव्हा समजलं, यालेही भेव वाटून राहिलं. इतके दिवस मले वाटायचं, मी एकटीच. थोडं बरं वाटलं अन् लगेच जास्त घाबरली. घरात एक तरी निर्धास्त पाहिजे होता.

नंतर त्यानंच पेटी ओढून घेतली. सूर धरून बसला. मी त्यावर खर्ज लावला.

११ एप्रिल
कधी लागते, कधी नाही. काल लागला तर आज दिवसभर खुशीत फिरली, अन् संध्याकाळी पेटीवर बसलीच नाही. रात्री ध्यानात आलं, हे तेच आहे. खुशीत रियाज सुटला, तेव्हाही असंच सुरू झालं होतं.

१४ एप्रिल
दुपार. पोह्याचे दोन घास. साडी पांढरीच नेसणार. प्रफुल्लले सांगितलं, पट्टी काळी पाच, ट्रॅक नाही, अन् काही झालं तरी माझा हात पुढं जाणार नाही. तो बरं म्हणे. तोंड उतरलेलं.
आजीले गाडीतून उतरताना असंच भेव वाटलं असेल काय...

१५ एप्रिल
माइक तोंडाशीच ठेवला. दोन्ही हातांनी धरला. ओळ आली, मी वर गेली, पूर्ण जोर लावून गेली.
अन् सगळं मैदान माझ्यासंगं म्हणू लागलं. मी सवय लावली ना त्यांले. त्यांच्या आवाजात मले माझा आवाजच ऐकू आला नाही. लागला की फाटला, काहीच समजलं नाही. गळ्याले समजायले पाहिजे, पण भेवानं गळा बधिर झाला होता.

खाली उतरून पहिले प्रफुल्लले विचारलं. म्हणे, "लोकं नाचून राहिले होते वं, मी ठेका सांभाळू की तुले ऐकू?" माय पहिल्या रांगेत होती. तिले विचारलं तर म्हणे, "मी तर सोताच म्हणत होती." व्हिडिओ पाहिले, आले तेवढे सगळे. सगळ्यांत लोकांचाच आवाज. खाली लिहिलंय जबरदस्त, आग, कडक. एकाही माणसानं मले ऐकलेलं नाही.

दुपारी काकूंचा फोन. म्हणाल्या, रविवारी कामठीले ये. कार्यक्रम-बिर्यक्रम काही नाही. तू अन् मी. पेटी मी धरते, तू लुगडं म्हण, मी ऐकते.

येते म्हटलं. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, तिथं माझ्यासंगं म्हणायले कोणी नसणार.