थोरल्या ओवेनला वारस हवेत

ड्रमशील, कॅव्हन परगणा
सेंट मार्टिनच्या सणानंतरचा मंगळवार

तीर्थरूप रोझॅनताईस,

धाकट्या फेलिमचा नमस्कार. देवाची, मेरीमातेची आणि सेंट पॅट्रिकची कृपा तुझ्यावर असो. (चौथं नाव आई घ्यायची ते कुठल्या संताचं, आठवत नाही, त्याचीही असो.) तुझे गुडघे कसे आहेत? शिकागोच्या थंडीबद्दल तू लिहितेस तेव्हा मला इथं शेकोटीजवळ हुडहुडी भरते. माझी तब्येत बरी आहे. डाव्या कानानं ऐकू येत नाही, पण ड्रमशीलमध्ये जे काही बोललं जातं त्याला एक कान पुरून उरतो. गाय आटली आहे. आपल्या जुन्या शाळेचं छप्पर वाऱ्यानं गेलं, आणि भिंतीवरचा तो जगाचा नकाशा पावसात भिजून सगळे समुद्र एक झाले. मी अर्धा तास बघत उभा होतो.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी संशोधनात होतो. कॅव्हन परगण्यातल्या समस्त गॅफनी घराण्यांचं मूळ शोधणं, हा विषय. हसू नकोस. सरळच सांगतो. (आई म्हणायची, फेलिम सरळ सांगतो म्हणाला की चहाचं आधण ठेवावं, वेळ आहे.) मी लग्न करायचं म्हणतोय. डिलिया गॅफनीशी. तीच, पुलाजवळची, शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायची आणि तुझ्या वेणीला शाई लावायची. मास्तर ब्रेसलिन आपल्याला परतणाऱ्या गलबताची कविता शिकवायचे, आठवतं? तिचं तिसरं कडवं मी जन्मभर विसरत आलोय. गेल्या वसंतात पुलावर उभा राहून पाण्याला पहिली दोन कडवी ऐकवली आणि नेहमीसारखा अडलो. डिलिया दोन बादल्या घेऊन मागून येत होती. तिनं बादल्या खाली न ठेवता तिसरं कडवं सबंध म्हटलं आणि पुढे निघून गेली. एवढ्यावर माणसानं लग्न ठरवावं का, असं तू विचारशील. ताई, लोक याहून कमी गोष्टींवर ठरवतात. आपल्या बाबांनी एका खेचरावर ठरवलं होतं.

डिलियानं विचार करायला उन्हाळा घेतला आणि हो म्हणाली. अडले ते फादर लिंच. तरुण आहेत, दूर कॉर्क परगण्याचे आहेत, नियमाचे पक्के. म्हणाले, दोघंही गॅफनी; तुमचा पणजोबा एकच निघाला तर बिशपसाहेबांच्या परवानगीशिवाय मी लग्न लावणार नाही. मी म्हटलं, मग मागू परवानगी. पण डिलियाला ते सांगितलं तर ती म्हणाली, "माझं नाव या वयात बिशपच्या टेबलावर जाणार असेल, तर फेलिम, मी आहे तशीच बरी. आपण नात्याचे नाही हे सिद्ध कर, नाहीतर पुलावर कविता म्हणत बस." थोडक्यात, जग आपला पूर्वज सापडावा म्हणून वंशावळ शोधतं, मी तो सापडू नये म्हणून शोधायला निघालो.

तुला वाटेल यात अवघड काय! पण तू तरुणपणी गेलीस, तुला आता इथली गर्दी आठवत नसेल. या परगण्यात दगड भिरकावला तर तो गॅफनीलाच लागतो, आणि ज्यानं भिरकावला तोही बहुधा गॅफनीच असतो. म्हणून तर प्रत्येक घराला मागे शेपूट जोडलेलं. पूल गॅफनी, घोडी गॅफनी (त्यांच्या आजोबांनी आंधळी घोडी जत्रेत विकली आणि संध्याकाळी दारूच्या नशेत तीच परत विकत घेतली), पाणथळ गॅफनी, खटला गॅफनी. आपण मास्तर गॅफनी, कारण आजोबा सरकारला न कळू देता कुंपणाआड पोरं शिकवायचे. शेपटं सगळ्यांना पाठ, पण शेपटाच्या आधीचा प्राणी एकच होता की निरनिराळे, हे विचारलं की जो तो आकाशाकडे बघून पावसाचं बोलतो.

पहिल्यांदा गेलो पॅकी घोडीकडे. नव्वदी उलटली, पण स्मरण तल्लख. मर्तिकाच्या घरी तो कोपऱ्यात बसून मेलेल्याची सात पिढ्यांची नाती सांगतो आणि मेलेल्याचे नातेवाईक तोंडात बोट घालतात. मी विचारलं, पॅकीकाका, तळ्याकाठच्या जुन्या दफनभूमीत जो थोरला ओवेन गॅफनी आहे, तो आमचा पणजोबा; पूल गॅफनींचाही तोच का? पॅकीनं पाइप झटकला. "कशासाठी विचारतोस?" मी म्हटलं, सहज, इतिहास म्हणून. "इतिहास म्हणून," असं तो शेकोटीला म्हणाला, आणि त्यापुढे माझ्याशी बोललाच नाही. चूक माझीच. कॅव्हनचा माणूस प्रश्नाचं उत्तर देण्याआधी ते कोणत्या भावानं जाईल हे बघतो, आणि मी भाव सांगितलाच नव्हता. लग्नाचं तर कुणापाशीच बोललो नव्हतो. डिलियाची तशी ताकीद होती.

मग मी तुला ते जाडजूड पत्र लिहिलं, आजी काय सांगायची ते विचारायला. (तू उत्तरात आजीच्या जॅमची कृती पाठवलीस. आभारी आहे.) टपालवाल्या कॉस्टेलोबाईंनी ते पाकीट हातावर तोललं, शिकागो हा शब्द मोठ्यानं वाचला आणि मला विचारलं, "फेलिम, तिकडे कोणी गेलं वाटतं?" मी गॅफनींच्या मुळाचाच विचार करत होतो. उसासा टाकून म्हणालो, बाई, सगळेच गेले. बस. दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेलो तर गाड्यांची रांग माझ्यासाठी दुभंगली. शिकागोत कोणी एक निपुत्रिक गॅफनी वारला होता, त्याचं मोठं हॉटेल होतं, आणि वकिलांनी थोरल्या ओवेनचे वारस शोधण्याचं काम फेलिम मास्तराला दिलं होतं. हे मला त्या रांगेतच कळलं.

ताई, माझ्या घरी एवढी माणसं आईच्या मर्तिकालाही आली नव्हती. खटला गॅफनी बदक घेऊन आले. पाणथळ गॅफनींनी जळणाची गाडी रिकामी केली आणि "रक्ताचा माणूस थंडीत कुडकुडताना बघवत नाही" म्हणाले. आपल्या शेताच्या पाण्यावरून बाबांशी ज्यांचं वीस वर्षं वाकडं, तेच हे. एक तर शेरिडन आडनावाचा आला होता. मी म्हटलं, भल्या माणसा, तू शेरिडन! म्हणाला, वरवर. आणि पॅकी घोडी, जो इतिहास म्हणून गप्प बसला होता, तो नातवाच्या पाठुंगळी बसून आला आणि माझ्या खुर्चीत बसून त्यानं थोरल्या ओवेनपासून खाली असा काही वंश सोडला, की नदीला पूर यावा. प्रत्येक गॅफनी ओवेनचा. प्रत्येक जण सख्खा. आणि सगळ्यांत जवळचे कोण? तर मास्तर गॅफनी आणि पूल गॅफनी. एका ताटात जेवलेल्या दोन भावांच्या शाखा, तिसऱ्या पिढीत एकत्र. त्यानं देवाची शपथही घेतली. (बदकाचा तुकडा तोंडात होता, पण शपथ ती शपथ.)

हे फादर लिंचांच्या कानावर गेलंच. मला बोलावून म्हणाले, फेलिम, मी पुरावा मागितला होता, तुम्ही तर पूर आणलात. डिलियानं तर रस्त्यात मला ओलांडून पलीकडे बघितलं. "सख्ख्या चुलत घराण्यातला नवरा!" एवढंच म्हणाली, "पुलावर ये, पण गप्प उभा राहा." मी गेलो. पहिली दोन कडवी मनात म्हटली. तळ्यावर बगळे होते, आपल्या लहानपणी होते तेच असावेत असं वाटलं. तिसरं कडवं आलं नाही.

यातून मला फादरांनीच सोडवलं, आणि अजून त्यांना ते माहीत नाही. इतके वंशज एकदम सापडलेले बघून त्यांना कॉर्कच्या भोळेपणानं भरून आलं. पुढच्या रविवारी वेदीवरून ते म्हणाले, थोरला ओवेन गॅफनी किती भाग्यवान, की त्याची लेकरं अशी घरोघर नांदताहेत. पण त्याच्या दफनभूमीची भिंत पडली आहे, गाई आत शिरून त्याच्या उशाशी चरतात. तेव्हा ओवेनच्या प्रत्येक वंशज-घरानं दगडाची एकेक गाडी आणावी आणि एकेक माणूस आठवडाभर कामाला द्यावा. प्रार्थना संपायच्या आत ओवेनचा वंश आटायला लागला. हॉटेल दूर शिकागोत होतं, दगड मात्र उद्यापासून. मला मागच्या बाकावरून ते दिसत होतं. टोप्या हळूहळू खाली जात होत्या.

संध्याकाळपर्यंत आमचा पूर्वज अनाथ झाला. खटला गॅफनी मुळात शेजारच्या मोनॅहन परगण्याकडचे निघाले. पाणथळवाले म्हणाले, आमचं आडनाव खरं गॅफनी नव्हेच, कोणीतरी उच्चारायला आळस केला. शेरिडन पुन्हा शेरिडन झाला. पूल गॅफनींतर्फे डिलियाच्या पुतण्यानं फादरांना शपथेवर सांगितलं की ओवेनशी आमचा कवडीचा संबंध नाही. आणि पॅकी घोडी? तो पुन्हा पाठुंगळी आला. "ओवेन? कुठला ओवेन? तळ्याकाठचा? अहो फादर, तो लग्नाशिवायच मेला बिचारा. कोणाचाच कोणी नाही तो." मी म्हटलं, काका, परवा तर तुम्ही शपथ घेतली होती. म्हणाला, "परवा मी तुझ्याकडे पाहुणा होतो, फेलिम. पाहुण्यानं यजमानाला नाराज करू नये."

फादरांनी सगळ्यांची शपथपत्रं घेतली, समाधानानं चष्मा पुसला आणि मला म्हणाले, छान, कोणी कोणाचं काही लागत नाही, तुमचं लग्न लागू शकतं. फक्त एक विचारतो, तुम्हीही ओवेनचे नाहीच ना? ताई, नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मला आजोबा दिसले. उन्हाळ्यात त्या कबरीच्या चिऱ्यावर बसून ते आपल्याला पाढे म्हणायला लावायचे, आणि चिरा उन्हानं ऊबदार असायचा. मी म्हटलं, फादर, मी आहे त्याचा. फादर म्हणाले, मग भिंत तुमची.

तर गेला आठवडा मी दगड वाहतोय. अख्खं गाव बघायला येतं. बसायला पडक्या भिंतीचे दगड सोयीचे पडतात. शुक्रवारी डिलिया आली. गाढवाची गाडी दगडांनी भरलेली. सगळे ताठ झाले (लग्नाचं एव्हाना गावभर झालं होतं), कारण तिनं ओवेनला दगड वाहिला म्हणजे पूल गॅफनींची शपथ खोटी आणि आमचं लग्न बारगळलं. पॅकी कबरीवरून ओरडला, "काय गं डिलिया, तूही ओवेनचीच निघालीस का शेवटी?" फादर लिंचही तिथंच होते, त्यांनी चष्मा चढवला. डिलियानं पहिला दगड उचलला, नीट बसवला, हात झटकले आणि म्हणाली, "पॅकीकाका, घराण्याचे दगड लेकींनीच वाहायचे असतात का? सुनांनी वाहिलेले चालत नाहीत?"

मग आम्ही दोघांनी भिंतीला दगड लावले. तिनं काम करता करता तिसरं कडवं पुन्हा म्हटलं. पुन्हा विसरलो. आता घाई नाही.

तुझ्या आशीर्वादाची वाट बघणारा,
तुझा भाऊ,
फेलिम मास्तर गॅफनी

ता. क. – खटला गॅफनी बदक परत मागायला आले होते. त्यांना जॅम दिला.

ता. क. दुसरा – खरं हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. लग्न फेब्रुवारीत, चाळीस दिवसांचे उपास लागण्याआधी. तू यायचंसच, आमच्या बाजूनं साक्षीदार म्हणून तूच उभी राहायचीस. पण ताई, आगगाडीतून उतरताना जुना कोट घाल, शक्य तर दुसऱ्या कोणाचा. तुझी ती शिकागोतली तीन मजली खानावळ आहे, हे मी इथं कोणालाही सांगितलेलं नाही. लग्न लागायच्या आत ते फुटलं तर ओवेन पुन्हा बाळंत होईल आणि मी पुन्हा पुलावर. फादरांचा शेवटचा आशीर्वाद झाला की मग फरचा कोट खुशाल काढ.

ता. क. तिसरा – पाकीट बंद करण्याआधी डिलियानं हे वाचलं. ती म्हणते, ताईला लिही, खानावळीचं मला नवं नाही. तू म्हणे तिला दर नाताळात दारातल्या पाटीसकट खानावळीचा फोटो पाठवतेस, गेली कित्येक वर्षं. मी विचारलं, मग सगळे नातं सांगायला आले त्या आठवड्यात तू का नाही आलीस? ती म्हणाली, "मला त्या नात्यापेक्षा जवळचं हवं होतं."