सदरा घातलेलं पिंप

१२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांची घरी बनणारी बिअर गार राहावी म्हणून घरातल्या एका माणसानं किती दिवस घरात अडकून पडायचं?

तू नोकरीसाठी गेलास आणि तुझं पिंप माझ्या गळ्यात पडलं. बिअर आंबवणारं यीस्ट कामाला लागलं की पिंप आतून तापतं. म्हणून ते पाण्याच्या टबात ठेवायचं आणि टबातल्या बर्फाच्या बाटल्या दिवसभर बदलत बसायच्या. गुडघ्यांमुळे बाबांना वाकवत नाही. आई म्हणते, घरात शिकलेली तूच, तापमान तुलाच कळतं. पदवीनं दार उघडेल वाटलं होतं, तिनं मला न्हाणीघरात कोंडलं!

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मला एक जूनला रुजू व्हायचंय. बिअरची ही खेप झाली की जा, असं बाबा म्हणाले होते. ती बाटल्यांत भरली, त्याच संध्याकाळी त्यांनी दुसरी लावली. तू एकदा सांग ना त्यांना.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
चिमणी

२० मे

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

बर्फवाल्या बाई, रागावू नका! मी निघालो तेव्हाही बाबांनी नवी खेप लावलीच होती. तुझ्या भरवशावर सटकलो, झालं. आता तूही गेलीस तर ते दोघंच उरतील. एवढा उन्हाळा काढ. नोकऱ्या काय, पुन्हा मिळतात. आणि बाबांना मी कुठल्या तोंडाने सांगू?

माया आहेच, ती राहू दे.
दादा

२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पुन्हा मिळतात असं तू म्हणू शकतोस. तुला पहिली सोडावी लागली नाही.

आई नि मी मिळून टब टेबलावर चढवला. पिंपाला तुझा जुना सुती सदरा घातला, त्याची टोकं पाण्यात सोडली, समोर पंखा लावला. सदरा आपणच पाणी ओढतो, वाऱ्यानं वाळतो, पिंप गार राहतं. बाबांनी फक्त मगानं पाणी घालायचं, वाकायला नको.

बर्फाशिवाय चव बिघडेल, असं बाबा म्हणाले. थोडी बिघडेल, मी म्हटलं. मी बॅग उचलली तेव्हा ते पिंपापाशी उभे होते, तुझ्या सदऱ्याची कॉलर सारखी करत.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
चिमणी

ता. क. पाकिटावरचा पत्ता नवा आहे. काल रुजू झाले.