रथाच्या दोरीला हात लावल्याचा फोटो फाइलमधून काढणेबाबत

प्रति,
मा. प्राधान्यक्रम अधिकारी,
विभागीय हृदय प्रतीक्षायादी कक्ष,
बेळगाव.

विषय: यांत्रिक पंपावरील रुग्णास 'स्थिर' ठरवून दुसऱ्या श्रेणीतून चौथ्या श्रेणीत उतरवल्याबाबत फेरविचाराची विनंती.

संदर्भ: आपले पत्र क्र. हृप्रक/४/११८, दि. १६ जून २०२५.

महोदय,

१. मी भावकू मष्णू किणेकर, वय बावन्न, राहणार बेळगुंदी, बेळगावातल्या एका हायस्कुलात सत्तावीस वर्षे लिपिक आहे. गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज आजवर मीच लिहून दिले. स्वतःच्या हृदयासाठी लिहिण्याची वेळ प्रथमच आली असल्याने चूकभूल माफ असावी.

२. हृदय निकामी झाल्यामुळे दीड वर्षापूर्वी माझ्या छातीत यांत्रिक पंप बसवण्यात आला. त्याची वायर पोटातून बाहेर येते व खांद्यावरच्या पिशवीतील दोन बॅटऱ्यांना जोडलेली असते. दुसऱ्याचे हृदय मिळेपर्यंतची ही सोय आहे, असे डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते. वायर बाहेर येते त्या जागी यंदा तीन वेळा पू झाला. हा संसर्ग पंपापर्यंत पोचल्यास पुढे फारसे काही करता येणार नाही, असे डॉक्टरांनी लेखी दिल्यावर आपण मला दुसऱ्या श्रेणीत घेतले. त्याबद्दल मी दि. १६ जूनपर्यंत आपला आभारी होतो.

३. एप्रिलमध्ये आमच्या गावात लक्ष्मीची यात्रा झाली. रथाच्या दोरीला घरटी एका पुरुषाचा हात लागावा, अशी आमच्याकडे रीत आहे. आमच्या घरात पुरुष मी एकटाच. पत्नी जयाबाई म्हणाली, "अवो, नुस्ता हात लावा, वडू नगा." त्याप्रमाणे मी दोरीला दोन बोटे लावली. रथ पुढच्या चारशे लोकांनी ओढला. तेवढ्यात यात्रा कमिटीचे अध्यक्ष शामूअण्णा यांनी फोटो काढवून घेतला व दुसऱ्या दिवशी स्टँडवर फ्लेक्स लागला: 'यांत्रिक हृदयाचा ढाण्या वाघ भावकूआप्पा! एकहाती रथ ओढला!' मी हरकत घेतली असता, "गप रं आप्पा, गावाचं नाव व्हतंय," असे सांगून त्यांनी मला शाल घातली आणि हातात नारळ दिला.

४. एवढ्यावर भागले असते. परंतु शामूअण्णांना वाटले, साहेबांचे आभार मानायला हवेत. आमच्याकडे सत्कार झाला की साहेबाला कळवायचे असते. म्हणून त्यांनी फ्लेक्सचा फोटो, वर्तमानपत्राचे कात्रण आणि 'आपल्या कृपेने पेशंट ठणठणीत आहे' असे पत्र आपल्या कक्षास परस्पर पाठवले. आपण ते फाइलच्या चौदाव्या पानावर लावले. माझा पू नवव्या पानावर आहे. 'अर्जदार रथ ओढण्याइतका सक्षम असल्याने स्थिर' हा आपला शेरा वाचल्यावर आपल्याकडे फाइल मागून पुढे वाचतात हे मला कळले. नवव्या पानापर्यंत अद्याप कोणी पोचलेले दिसत नाही.

५. प्रत्यक्ष येऊन भेटलो असता मला आरोग्य केंद्रातून तपासणी करून आणण्यास सांगण्यात आले. तेथील नर्सबाईंनी आधी एक मनगट धरले, मग दुसरे धरले आणि घाबरून म्हणाल्या, "काका, तुमची नाडीच लागंना की वो!" हा पंप रक्त सलग ढकलत असल्याने मनगटाला ठोका लागत नाही. बाईंनी प्रामाणिकपणे 'नाडी लागत नाही' असे लिहिले व ते फाइलचे पंधरावे पान झाले. त्यावर आपल्या कक्षाने माझ्याकडून 'हयातीबाबत खुलासा' मागवला आहे. म्हणजे चौदाव्या पानानुसार मी इतका धडधाकट आहे की मला हृदय नको, आणि पंधराव्या पानानुसार ते घ्यायला मी शिल्लक आहे की नाही याचीच शंका आहे. ही दोन्ही पाने एकाच टाचणीने टाचलेली आहेत. तरी खुलासा करतो की मी हयात आहे. अधिक खात्रीसाठी आपण माझ्या छातीला कान लावावा, पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तशी घरघर ऐकू येईल. मी कार्यालयीन वेळेत केव्हाही हजर राहीन.

६. मी निघताना आपल्या कारकुनांनी आपुलकीने सल्ला दिला की, "पंपात बिघाड झाला की या, लगेच वर घेतो." सल्ल्याचा मी गांभीर्याने विचार केला. आपले कार्यालय साडेपाचला बंद होते, दुसऱ्या शनिवारी उघडत नाही आणि अर्जावर पंधरा कामकाजाच्या दिवसांत निर्णय होतो. पंप बंद पडल्यावर मला इतके दिवस मिळणार नाहीत. म्हणून बिघाडाचा अर्ज मी आगाऊच लिहून सोबत जोडला आहे. तारखेची जागा कोरी ठेवली आहे, ती पत्नी भरेल.

७. निपाणीची तेजस्वी नावाची एकोणीस वर्षांची मुलगी अतिदक्षता विभागात मशीनवर आहे व पहिल्या श्रेणीत आहे. तिचे वडील आणि मी दवाखान्याच्या एकाच बाकावर बसून चहा पितो. तिच्याआधी मला बोलावणे आले तरी मी जाणार नाही. जो माझ्यापेक्षा आजारी, त्याच्यामागे उभे राहायला माझी तक्रार नाही. माझ्याच फोटोच्या मागे उभे राहायला मात्र आहे. साहेब, कुणाच्या तरी घरात रडारड झाल्याशिवाय माझे काम होणार नाही, हे मला माहीत आहे. ते मागताना मला लाज वाटते. ते घर रडत रडत जे देईल, ते कुणाला द्यायचे हे निदान स्टँडवरच्या फ्लेक्सवरून ठरू नये.

८. तरी पान चौदा काढून टाकावे, पान नऊ वाचावे व मला पुन्हा दुसऱ्या श्रेणीत घ्यावे, ही विनंती. तसे झाल्यास शामूअण्णा आपल्या आभाराचा मोठा फ्लेक्स लावणार होते. मी त्यांना लक्ष्मीची शपथ घालून थांबवले आहे.

आपला तूर्तास स्थिर,
(सही)
भावकू मष्णू किणेकर
बेळगुंदी, दि. २ जुलै २०२५

सोबत:
१. डॉक्टरांचे पत्र, म्हणजेच पान नऊ. या खेपेस फाइलच्या सर्वांत शेवटी लावावे, म्हणजे आधी वाचले जाईल.
२. शामूअण्णांचा जबाब, त्यांच्याच शब्दांत: "आप्पानं दोरीला दोन बोटं लावलती. रथ आमी वडला. चूक झाली."
३. पंप बिघाडाचा आगाऊ अर्ज, तारीख कोरी. खाली पत्नी जयाबाईची सही कालच घेतली आहे. सही अर्धवट सोडून ती चुलीकडे निघून गेली, त्यामुळे शेवटची अक्षरे राहिली आहेत. ती ग्राह्य धरावीत. पुन्हा सही करायला ती तयार नाही.