आगळाची सालं

विक्रोळी,
२६ मे

ती. सुगंधाताईस,

साष्टांग नमस्कार. आज नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून.

इकडे सगळे ठीक. आईचं कोकमाचं आगळ यंदा लवकर संपलं, तरी बिल्डिंगमधल्या बायका बाटल्या घेऊन दारात उभ्या राहतात. गुडघा दुखतो म्हणते आणि बरण्या स्वतःच उचलते. भावजींचा खोकला थांबला का? शाळा उघडायच्या आत निधीला चार दिवस आजोळी पाठव, असं आई म्हणते. पाठवायची की नाही, ते हे पत्र वाचून झाल्यावर ठरव.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी फार पटकन खोटं बोलतो. गेल्या आठवड्यात तुझ्याशी बोललोच.

तुझ्या कोंबड्यांबद्दल लिहायचं आहे.

माझं कॉलेजातलं काम तुला ठाऊक आहे. "आमचा सुयोग कोकमावर संशोधन करतो," असं तूच अख्ख्या गोराईला सांगत फिरतेस. सरबताच्या कारखान्यात रस काढून उरलेली सालं आम्ही वाळवतो, दळतो आणि कोंबड्यांच्या खाण्यात थोडी थोडी मिसळतो. त्यांत अँटिऑक्सिडंट असतात. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, अंडी कमी देते. तिच्या अंगाला आतून जो उन्हाचा तडाखा बसतो, तो त्यांनी सौम्य होतो. कॉलेजच्या पिंजऱ्यांत हे झकास जमलं होतं. म्हणून तुझ्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांवर करून बघायचं ठरलं. तू एका शब्दाने काही विचारलं नाहीस. पिशवी ठेवून घेतलीस आणि मला सुरमई वाढलीस.

ती पिशवी कारखान्याच्या सालांची नव्हती, ताई. ती सालं संपली होती, नवीन यायला वेळ होता आणि मला मॅडमना निकाल दाखवायची घाई झाली होती. इकडे गॅलरीत आईने आगळ काढून उरलेली सालं वाळत घातली होती. म्हटलं, कोकम ते कोकम. मिक्सरमधून फिरवली आणि तुला आणून दिली.

कारखान्याच्या सालांत मीठ नसतं. आगळ मात्र मिठावर सुटतं, हे जन्मापासून आपल्या घरात बघतोय. जाड्या मिठाचे थर देऊन देऊन आईच्या बोटांना चिरा पडतात, त्यांना खोबरेल लावणारा मीच. आणि कोंबडीला जास्त मीठ सोसत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षालाच शिकवतात. इतकं शिकून ऐन वेळी अक्कल गहाण टाकली.

तू रडत फोन केलास, "सगळ्या गेल्या रे, एक म्हणून उरली नाही." पाण्यासारखं हगत होत्या म्हणालीस, तेव्हाच मला कळलं. तेवढ्यात तू म्हणालीस, "सासूबाईंनी पाणीच ठेवलं नाही. भांडं कोरडं ठणठणीत होतं." आणि मी म्हणालो, "मग काय गं, मे महिन्यात पाण्यावाचून मरणारच ना!"

शिकलेल्या भावाचं बोलणं ते. तू तेच त्यांना ऐकवलंस आणि तुझ्या सासूबाई, जानकीमावशी, कपड्यांची पिशवी घेऊन मानखुर्दला लेकीकडे, शकुताईकडे निघून गेल्या. एका म्हातारीला माझ्यामुळे तिचं घर सोडावं लागलं, आणि मी इथे दोन वेळा जेवत होतो. मला लाज वाटते, ताई. लिहितानाही कान तापलेत.

काल मानखुर्दला गेलो. मावशी शकुताईच्या दारात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "अरे, मी भरत होते भांडं. भरलं की रिकामं, भरलं की रिकामं. एवढं पाणी कधी प्यायल्या नव्हत्या. सुगंधाला सांगत होते, पण ती ऐकेल तर ना."

मिठामुळेच पीत होत्या गं त्या. तुला दिसलं ते रिकामं भांडं, त्याआधी मावशींनी कितीदा भरलं ते कुणी बघितलंच नाही.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "हे सुगंधाला सांगू नको. मी काय, पिकलं पान. माझ्यावर राग राहिला तर राहू दे. तिला भाऊ एकच आहे."

मी "बरं" म्हटलं. स्टेशनपर्यंत रडत गेलो, पण मधेच कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. कोंबड्या मारल्याच्या लाजेपेक्षा त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज मोठी आहे.

म्हणून लिहितोय. मॅडमनाही आज सकाळी सांगितलं. त्या काय ते बघतील. तू मात्र मावशींना आणायला स्वतः जा, भावजींना पाठवू नकोस. पाया पड त्यांच्या. वाडीत सगळ्यांसमोर मी हे सांगायला हवं असेल तर बोलाव, येईन. नाही बोलावलंस तर का नाही, ते मला कळेल.

मावशींना दिलेला शब्द मोडून,

तुझा एकुलता एक भाऊ
सुयोग