ज्या वर्षी पाट आले नाहीत

बाबा, दिवाळीनंतर वेंगुर्ल्यात आमच्या मंडळींचं चित्रप्रदर्शन आहे. त्याची छोटी पुस्तिका निघायची आहे आणि तिच्यासाठी प्रत्येकाने एक पान लिहून द्यायचं ठरलंय, आपण कोणाकडून शिकलो, कोणाचा आधार मिळाला वगैरे. बाकीच्यांची पानं कधीच गेली. बँकेतल्या कारकुनाने तर दोन पानं भरून दिली, त्यात त्याच्या सासूचेसुद्धा आभार आहेत. मी मात्र चार दिवस जामसंड्यातल्या माझ्या खोलीत कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. "माझ्या वडिलांची गणपतीची शाळा होती" एवढं वाक्य झालं आणि तिथेच गाडी अडली. पुढचं वाक्य खरं लिहायचं तर ते पुस्तिकेत घालण्यासारखं नाही. ते तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही होतात तेव्हा दीड वर्ष मला संधी होती, रोज दोन वेळा तुमचं ताट वाढत होते, आणि मी बोलले नाही. आता तुम्हाला जाऊन नऊ वर्षं होतील.

आपली गणपती घडवायची शाळा म्हणजे घराची पुढची लांब पडवी, एका बाजूने पोफळीच्या कामट्यांचा कूड आणि दुसऱ्या बाजूला भिंत. नागपंचमीच्या सुमाराला वाडीवाडीतून माणसं आपापल्या घरचा पाट घेऊन यायची, वर नारळ आणि विडा. त्या पाटावरच त्यांचा गणपती घडायचा, विसर्जनानंतर पाट तेवढा घरी जायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आपल्या पडवीत यायचा. आजोबांच्या वेळेपासून तीच घरं. पाट भिंतीला उभे करून ठेवले की भिंत दिसेनाशी व्हायची. तुम्ही आणि काका दोघे मिळून ते सगळं निभावत होतात. काका म्हणजे माती मळायला आणि साच्यात भरायला येणारे, आपल्या नात्याचे ना गोत्याचे, पण तीस वर्षं आपल्याकडे जेवलेले. त्यांचे हात मातीत असायचे आणि जीभ अख्ख्या तालुक्यात फिरून यायची. कोणाच्या होडीला किती बांगडा लागला, कोणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली, सगळं आम्हाला पडवीत बसून कळायचं. तुम्ही मधूनच म्हणायचात, "पुरो रे आता, गणपतीचे कान आधीच मोठे आसत." तुम्ही त्यांच्यावर रागावलेले मी तोवर पाहिले नव्हते.

अठ्ठ्याण्णव साली तुमचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या बशीत कळलं, मग रंगाच्या वाटीत. अंगाचा रंग, सोंडेवरची नक्षी, शेला, हे सगळं तुम्ही कसंबसं रेटत होतात, पण डोळ्यांची आखणी राहिली होती आणि चतुर्थी तोंडावर आली होती. डोळे आपल्या शाळेत कायम तुम्हीच आखायचात. लोक पाट आपल्याकडे आणायचे ते त्या डोळ्यांसाठी, हे तुम्हालाही माहीत होतं आणि त्यांनाही. आई गेल्यापासून स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. एका दुपारी जेवणं झाल्यावर तुम्ही तिथे आलात, माझी जुनी शाळेची पाटी मागून घेतलीत, वाटीभर पाणी घेतलंत आणि माझ्या हातात कुंचला दिलात. पाण्याने डोळा काढायचा, तो वाळून जायचा, पुन्हा काढायचा. अजून ती दुपार माझ्यासमोर आहे. चुलीत निखारे आहेत, मांजर उंबऱ्यात पसरलं आहे, आणि तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात, उजवा हात डाव्या मांडीखाली दाबून. "एक डोळो पुरो करून दुसऱ्याक हात घालू नको," तुम्ही म्हणता आहात. "दोनय एकदम वाढूक होये. नायतर दुसरो पयल्याक भियाता." आणि मी मूर्तीपुढे उभी राहून बघायला लागले की ओरडायचात, "उभी रवान काय बघतंस? बसान बघ! पूजेक बसणारो पाटार बसता, त्याका देव कसो दिसतलो तां बघ." त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी सगळे डोळे मी आखले. दुपारी कुडाचं दार ओढून, काका बाहेर राखणीला बसून. तिघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. "ह्या भायर जावक नको," एवढं तुम्ही एकदाच म्हणालात, माझ्याकडे न बघता. मला तेव्हा तुमची फार दया आली होती. आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही वाटली होती.

त्याच सुमाराला मी रविवारी वेंगुर्ल्याला जायला लागले. माझे शाळेतले चित्रकलेचे सर बंदरावर चार हौशी माणसं जमवून जलरंग काढत बसायचे. बँकेतला कारकून, फोटो स्टुडिओवाला, बालवाडीच्या बाई आणि मी. सर कागद स्वतःच्या पिशवीतून काढून द्यायचे आणि "उरलेलाच आहे" म्हणायचे. नवाकोरा कागद उरलेला कसा असेल, हे विचारायची आमची हिंमत नव्हती. मासळीचे लिलाव करणाऱ्या बायका आमच्या मागे येऊन बघायच्या आणि स्वतःचं नाक बरं आलं नाही म्हणून भांडायच्या. तुम्ही मला चिडवायचात, "कागदार कोण हळदकुंकू घालतला गो?" पण एकदा मी निघाले तर तुम्ही हाक मारून माझ्या हातात एक बारीक कुंचला ठेवलात, खारीच्या केसांचा, तुम्हीच बांधलेला. थरथरत्या हाताने तो दोरा कसा आवळला असेल, कोण जाणे, गाठ दोन ठिकाणी सुटून पुन्हा बांधलेली दिसत होती. "हो कागदाचो. मूर्तीक लावू नको," असं म्हणून तुम्ही पडवीत निघून गेलात. मी बस येईपर्यंत स्टॉपवर रडत उभी होते.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात सरांनी एका शाळेच्या हॉलमध्ये आमचं पहिलं प्रदर्शन भरवलं. माझी सात चित्रं होती, सगळ्या मासळी विकणाऱ्या बायका. तुम्ही आला नाहीत. चारचौघांत हात दिसेल म्हणून, हे मला कळलं होतं. मुंबईहून सरांचे ओळखीचे एक नावाजलेले चित्रकार आले होते. ते सगळी चित्रं बघत बघत माझ्या भिंतीशी आले आणि थांबले. एकेका चित्राशी वाकून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या सगळ्या बायका किंचित खाली का बघतायत?" मी म्हटलं, "बघणारा जमिनीवर बसलाय, म्हणून." ते माझ्याकडे वळले. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी सांगितलं, वडिलांनी, गणपतीच्या शाळेत. ते म्हणाले, "मग डोळे ते आखत असतील." आणि मी म्हटलं, "नाही. दोन वर्षं झाली, आमच्या शाळेतले सगळे डोळे मीच आखते." शेजारच्या चित्रासमोर आपल्या बाजूच्या वाडीतली एक बाई उभी होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चित्राकडे बघायला लागली. मी तिला पाहिलं होतं, बाबा. बोलण्याआधीच पाहिलं होतं.

आपल्याकडे कोणी तोंडावर काही बोलत नाही. तुमच्या प्रकृतीची चौकशी सगळ्यांनी केली. बाजारात सगळे नेहमीसारखे हसले. नागपंचमी आली आणि पाट आले नाहीत. म्हणजे आले, पण अर्धी भिंत उघडी राहिली. तिचा चुना इतका मळका आहे हे मला त्या वर्षी पहिल्यांदा दिसलं. तुम्ही रोज सकाळी पडवीत येऊन वाटेकडे बघायचात आणि "पाऊस आसा, येतले" म्हणायचात. शेवटी कोणीतरी तुमच्या कानावर घातलं, की चेडू डोळे आखता अशी बोलवा आहे, आणि बाईमाणसाच्या हातचे देवाचे डोळे काही घरांना चालत नाहीत. कोणाकडून फुटलं हे त्या माणसाने सांगितलं नाही. तुम्हाला ते विचारायची गरजही वाटली नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात आमटीचा डाव. काका माती मळत होते. तुम्ही म्हणालात, "उद्यापासून तू येव नको." काका हसले, त्यांना वाटलं थट्टा आहे. "काय झाला?" "काय झाला तां तुकाच म्हायत. तीस वर्सां जेवलंस हयसर, पण तोंडाक झाकण घालूक जमला नाय तुका." काकांनी एकदा तुमच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मला वाटलं आता ते बोलणार. ते उठले, हात धुतले, खांद्यावरचा पंचा झटकला आणि पायऱ्या उतरून गेले. अर्धवट मळलेला मातीचा गोळा तसाच राहिला. डावातली आमटी माझ्या पायावर सांडत होती. तुम्ही विचारलंत, "भाजला काय गो?" मी नाही म्हटलं. एक शब्द, "काका नव्हे, मी," एवढा म्हणायला किती वेळ लागला असता? मी तुम्हाला जेवायला वाढलं.

मग आखणीच्या दिवशी वरच्या वाडीतले म्हातारे भाऊ आले आणि पडवीत येऊन बसले. "सहज इलंय," म्हणाले. "इतकी वर्सां झाली, डोळे आखताना कधी बघूक गावला नाय." कशाला आले होते ते तुम्हालाही कळलं. तुम्ही मला म्हणालात, "चाय कर गो," आणि त्यांचीच मूर्ती पुढे ओढून कुंचला हातात घेतलात. मी चहा केला नाही, दाराआड उभी राहिले. तुम्ही उजवं मनगट डाव्या हाताने धरलं होतंत. दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या आल्या, बऱ्या आल्या. मला वाटलं, जमतंय. मग डाव्या डोळ्याखाली कुंचला सटकला आणि काळी रेघ थेट कानापर्यंत गेली. तुम्ही ती अंगठ्याने पुसायला गेलात, तर गालभर पसरली. भाऊ उठले. "ऊन वाढला, येतंय मी," म्हणाले. बाहेर धो धो पाऊस होता. तुम्ही तसेच बसून राहिलात, अंगठा काळा, आणि देवाच्या तोंडाकडे बघत हळूच म्हणालात, "माफ कर रे." माझ्याने ते आजही आठववत नाही. आठवतं, पण सहन होत नाही.

पुढच्या वर्षी नऊ पाट आले. माती मीच मळली. तुम्ही खुर्चीवर बसून होतात. आखणीच्या दिवशी तुम्ही दार ओढू दिलं नाहीत. दोन घरची माणसं आली होती, त्यांच्यादेखत मोठ्याने म्हणालात, "डोळे माझा चेडू आखता. बघूचे आसतीत तर बसान बघा." मी नऊच्या नऊ मूर्तींचे डोळे उजेडात आखले. हात जराही हलला नाही. तुम्ही खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसलात, एकेक मूर्ती बघितलीत आणि म्हणालात, "माझ्यापरास बरे झाले." हे ऐकायला मी जन्मभर आसुसले होते. आणि ते ऐकताना माझं सगळं लक्ष पडवीच्या कोपऱ्यात होतं, जिथे काकांचं गोणपाट असायचं.

मार्गशीर्षात तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. बाराव्याला काका आले. मी त्यांच्या पाया पडले आणि सगळं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "माका म्हायत आसा. प्रदर्शनात होती ती बाय माझी मेव्हणी. तिना माका त्याच दिसाक सांगल्यान." मी विचारलं, "मग बाबांक कित्याक सांगूक नाय?" "सांगान काय करतलंय? कोणाक तरी शिव्या घालूक होयोच होतो तेका. माका घातल्यान. तुका घातल्यान असतो तर मगे जेवक खंय बसतलो होतो तो?" मला हुंदका आवरेना. ते तसेच उभे राहिले. मी पाणी आणायला वळले तेव्हा म्हणाले, "ऱ्हवांदे. माका राग येवक नाय असा समजा नको. तुझ्या हातचा पाणी मी पिवचंय नाय." आणि गेले. पुढे ते आजारी पडल्याचं कळलं, मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तेही आता नाहीत.

पुस्तिकेच्या पानावर मी सरांबद्दल लिहीन, उरलेल्या कागदाबद्दल, बंदरावरच्या बायकांबद्दल. तुमच्याबद्दल लिहीन की बसून बघायला तुम्ही शिकवलंत. लोकांना आवडेल. हे कागद मात्र घडी करून कपाटात जातील, कोणी वाचायचे नाहीत.

तरी एक राहिलं. त्या मुंबईच्या चित्रकारांना मी "बाबा आणि मी" असं म्हणू शकले असते. तसं म्हणायचं माझ्या मनातही आलं होतं. शेजारी ती बाई उभी आहे हे दिसत असताना मी "मीच" म्हटलं. काकांचं जे झालं, तुमचं जे झालं, ते सगळं डोळ्यांसमोर ठेवून सांगते, बाबा, ते म्हणताना मला जेवढं बरं वाटलं, तेवढं त्यानंतर आजवर कशानेच वाटलं नाही.