सलाईनच्या चाकाला हात लावणाऱ्या दाजींस

तीर्थस्वरूप दाजींस,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण आठांपैकी एक अंग सध्या दोन उशांवर चढवून ठेवलेलं आहे, तेव्हा उरलेल्या सात अंगांचा गोड मानून घ्यावा. आपली प्रकृती ठणठणीत असेलच. (नसती तर त्या दिवशी वॉर्डातून इतक्या वेगाने पळता आलं नसतं.) ताईचे गुडघे कसे आहेत? तुमचा फोन बिघडलाय असं ती म्हणते. तो नेमका मी केला की बिघडतो, म्हणून हे पत्र बायकोच्या हाती पाठवतोय. अक्षर नेहमीपेक्षा बरं दिसतंय, यावरून माझा राग उतरला असा अर्थ कृपया काढू नये.

तुम्ही आमच्या घरचे जावई. जावयाला उलट बोलायचं नसतं हे आईने आम्हाला बोलायला शिकवायच्या आधी शिकवलं, आणि मी ते आजवर पाळलं. आमच्या नव्या मिक्सरचं झाकण न लावता तुम्ही ‘जरा बघू तरी’ म्हणून बटण दाबलंत, तेव्हा स्वयंपाकघराचं छत आम्ही हसत हसत पुसलं. गंजक्या पाइपाची धार माझ्या पायात घुसली तेव्हा तुम्ही कपाटातल्या उरलेल्या गोळ्या काढून दिल्यात, ‘माझ्या दाढेला लागू पडल्या होत्या’ म्हणून. दाजी, दाढ कुठे आणि पाय कुठे! पण मी गिळल्या. जावयाने दिलेल्याला नाही कसं म्हणायचं? पाय फुगत गेला, लाली नडगीवर चढली, हुडहुडी भरून ताप आला, आणि मग मला इथे आणून टाकलं.

इथे जखमेतला पू तपासला आणि कळलं, की हा जंतू एकाच इंजेक्शनला जुमानतो. इंजेक्शन म्हणजे टोचलं की सुटलो, असं मला वाटत होतं. पण हे दंडात टोचायचं नाही, बाटलीत विरघळवून शिरेतून सोडायचं, तेही एक तासाहून जास्त वेळ घेऊन, अगदी हळूहळू. मधूनमधून रक्त काढून मूत्रपिंड ठीक आहे ना हेही बघायचं. वॉर्डातल्या नर्सबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की घाईने गेलं तर हे अंगावर उलटतं. बाई तोंडाने फार तिखट आहेत. (हे वाक्य मला दोनदा सांगावं लागलं.) पण कामाला चोख. सलाईनच्या नळीवरचं ते छोटं चाक त्या घड्याळ समोर धरून लावतात, थेंब मोजतात, मगच दुसऱ्या खाटेकडे वळतात.

आणि मग तुम्ही आलात. स्टुलावर बसलात, माझी चौकशी उरकलीत आणि मान वर करून बाटलीकडे बघत बसलात. मी तापाच्या गुंगीत होतो, पण तुमचा आवाज गुंगीतही ऐकू येतो. ‘थेंब थेंब काय सोडतात हे लोक? माझ्या पंपावर असं पेट्रोल सोडलं तर रांग चौकापर्यंत जाईल!’ असं म्हणत तुम्ही अंगठ्याने ते चाक फिरवलंत. मला वाटलं स्वप्न पडतंय. दाजी, मी प्लंबर आहे. परक्याच्या मोरीतला गळका नळसुद्धा मी घरमालकाला विचारल्याशिवाय पिळत नाही. आणि तुम्ही माझ्याच शिरेत उघडणारा नळ मोकळा सोडलात! ही टाकी आहे का? गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं का मागे?

थोड्या वेळाने माझं तोंड खाजायला लागलं. मग मान, मग छाती. मी टोमॅटोसारखा लाल झालो, डोळ्यांपुढे अंधारी आली, रक्तदाब खाली गेला. ते बघून तुम्ही काय केलंत? चाक गुपचूप होतं तिथे आणून ठेवलंत (एवढी अक्कल मात्र वेळेवर सुचली), ‘नर्स, नर्स’ म्हणून ओरडलात आणि गाडी आडवी लावलीय असं सांगून जे गेलात ते गेलात. ती गाडी अजून सरळ लागली नाही का?

नर्सबाईंनी धावत येऊन सलाईन बंद केलं, डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, लाली उतरली. पण खरा घोळ पुढेच आहे. औषध घाईने गेल्यामुळे हे झालं असेल तर काळजी नाही, तेच पुन्हा आणखी हळू देता येतं. पण बरोबर वेगाने जाऊनही झालं असेल, तर ते मला चालत नाही असं धरावं लागेल आणि कायमचं बंद. म्हणून डॉक्टरांनी विचारलं, वेग किती होता? नर्सबाई म्हणाल्या, मी चाक बरोबर लावलं होतं. खरंच लावलं होतं! मी ओरडून सांगितलं, आमच्या दाजींनी फिरवलं. मेट्रनबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, तापात माणूस काहीही बोलतो. बायको म्हणाली, ‘अहो, दाजी असं कसं करतील?’ इतकी वर्षं तुमचा मान राखल्याचं हे फळ.

म्हणजे बघा, नर्सबाई खरं बोलतात म्हणून माझं इंजेक्शन बंद आहे. त्यांनी ‘माझी चूक झाली’ असं खोटं लिहून दिलं तर इंजेक्शन सुरू होईल आणि त्यांची नोकरी जाईल. सध्या दुसरं औषध चालू आहे, ते काही लागू पडत नाही. डॉक्टरांनी नडगीवर पेनाने रेघ ओढली होती, लाली ती ओलांडून वर गेलीय. काल सर्जन आले आणि माझ्या पायाच्या बोटांकडे बघत राहिले. ते बघणं मला आवडलं नाही. बोटं नसतील तर शिडीवर कसा चढू? मला भीती वाटते दाजी, आणि भीती वाटली की तुमचा आणखी राग येतो. चाक फिरवलंत त्याचा येतो, पण त्याहून तुम्ही पळालात त्याचा जास्त येतो. तुम्ही एक (इथे जे म्हणालो ते लिहिता येत नाही, असं मला सांगण्यात आलंय) माणूस आहात.

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. लोभ होता, पुढचं तुमच्यावर आहे.

तुमचा मेहुणा

ता. क. : इथे या आणि डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगा, चाक किती फिरवलंत आणि किती वेळ तसंच ठेवलंत. तुम्हाला कोणी खाणार नाही. जावई आहात, इथेही चहा मिळेल.

ता. क. दुसरा : येताना काही आणू नका. गोळ्या तर मुळीच नकोत. हात खिशात ठेवा.

ता. क. तिसरा : हे मी माझ्याकडून लिहितेय. पेशंटच्या उजव्या हाताला सुई आहे, म्हणून ते सांगत गेले आणि ड्युटी संपल्यावर मी लिहून घेतलं. तिखट तोंडाची नर्स ती मीच. त्यांनी तुमच्यासाठी वापरलेले बरेच शब्द मी गाळलेत, वडीलधाऱ्यांना तसं लिहीत नाहीत. मी खोटं लिहून देणार नाही असं त्यांना वाटतं. पण लाली आणखी वर गेली तर पाय राहणार नाही, आणि नोकरी काय, दुसरीकडे मिळेल. उद्या सकाळच्या राउंडला ‘चूक माझी’ असं लिहून मी सही करणार आहे. त्यांना हे सांगितलेलं नाही, मी पाकिटावर तुमचं नाव घालतेय असं त्यांना वाटतंय. राउंड नऊला असतो. त्याआधी आलात तर माझं पेन खिशातच राहील. आत येताना हात धुवून यायचं.