समुद्रकाठच्या म्हातारीचं वाक्य

ति. भाऊजींना सौंसरहून तुळशीरामचा सप्रेम जयभीम. आपली आणि वच्छलाताईची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो (धरूनच चालावं लागतं, आपल्या सुमेधच्या लग्नाला दोन वर्षं झाली, तेव्हापासून मोहगावची खबर इकडे येत नाही). माझा मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याला ताण देऊ नका. ताण फक्त संत्र्याच्या झाडांना दिला, महिनाभर पाणी तोडून, त्यामुळे आंबिया बहार असा फुटला आहे की दुपारी घरात बसूनही फुलांचा वास येतो. पुष्पा बरी आहे, म्हणजे बोलते आहे.

पत्राचं कारण थोडं लाजेचं आहे. आमची नात श्रुती (प्रतीकची मोठी, आता पुण्याला नोकरीला) मागच्या महिन्यात आली, तेव्हा तिचं खेळाचं यंत्र आमच्या टीव्हीला जोडून गेली. त्यात एक जपानी खेळ आहे, शंभर तासांचा. तिचं म्हणणं, लोक सांगतात की पहिले वीस तास काहीच समजत नाही आणि मग सोडवत नाही. तिच्याजवळ वेळ नाही, तर मी खेळून पाहावं आणि तो खेळण्यालायक आहे की नाही ते सांगावं. नसला तर ती विकून टाकेल. येत्या रविवारी तिला उत्तर द्यायचं आहे. बैल घ्यायचा असला की लोक मला दात पाहायला न्यायचे. पण या खेळाचे दात कुठे असतात, कोणाला विचारावं? त्या काळजीनं जेवण जात नाही.

सुरुवातीलाच यंत्र नायकाचं नाव विचारतं. श्रुतीनं इंग्रजीत तुळशीराम टाकलं आणि ती अक्षरं मला ओळखायला शिकवली. तेवढंच माझं इंग्रजी, बाकी सातवीपर्यंतचं सगळं विसरलो. नायक सतरा वर्षांचा, केस निळे, कमरेला तलवार, आणि नाव तुळशीराम. त्याच्या तलवारीला रंगीत खडे बसवायचे असतात, कोणत्या खड्यानं काय होतं ते बाजूला इंग्रजीत लिहिलेलं असतं. मी रंग पाहून बसवतो. लढाईत आधी आपण मारायचं, मग हात जोडल्यासारखं उभं राहायचं, मग समोरच्यानं मारायचं. एवढी शिस्त मी लग्नाच्या पंगतीतही पाहिली नाही. तरी गावाच्या वेशीवर एक निळा बेडूक आहे, त्यानं मला नऊ वेळा मारलं.

श्रुतीनं सांगितलं होतं की लोकांच्या घरात शिरायचं, मडकी-पेट्या उघडायच्या, आत औषध आणि पैसा सापडतो, त्याशिवाय पुढं जाता येत नाही. भाऊजी, आपण अंगणातून आवाज दिल्याशिवाय कोणाच्या घरात पाय ठेवत नाही, आणि हा निळ्या केसांचा पोरगा माझं नाव लावून लोकांची मडकी हुडकणार? मी एकाही मडक्याला हात लावला नाही. म्हणून औषध नाही, म्हणून बेडूक मारतो, म्हणून गेले एकतीस तास (यंत्र मोजतं) मी पहिल्याच गावात आहे.

पण गाव फार चांगलं आहे. समुद्राच्या काठावर आहे. मी समुद्र पाहिलेला नाही. तिथं ऊन कधी सरत नाही, आणि बटण दाबलं नाही तर तो पोरगा नुसता उभा राहून श्वास घेतो, गवत हलतं, दूरवर एक होडी येते, येते, पण पोचत नाही. इकडे खिडकीतून संत्र्याच्या फुलांचा वास येतो आणि मला वाटतं तो तिकडूनच येत आहे. कधी डोळा लागतो, जाग येते तेव्हाही ऊन तिथंच असतं. यंत्र बंद करण्याआधी मी त्याला धर्मशाळेत निजवतो. उघड्यावर कसं सोडावं?

त्या गावात शेवटच्या घरी एक म्हातारी ओसरीवर बसलेली असते. जवळ गेलं की ती मान वर करते आणि एक वाक्य बोलते. दररोज तेच. आवाज जपानी आणि खाली इंग्रजी, त्यामुळे दोन्हीकडून मी मोकळा. मी दिवसातून चार-पाच वेळा जातो. पुष्पा परवा भाकरी टाकता टाकता म्हणाली, "त्या बुढीच्या घरी रोज जाऊन राहिले. सख्खी बहीण बसनं अर्ध्या घंट्यावर हाये, तिथं जायाले तुमचे पाय दुखतेत." मी टीव्हीचा आवाज वाढवला. लढाईत असतो तर माझीच पाळी होती.

आता सांगा, श्रुतीला काय कळवू? लायक आहे म्हणावं तर पोरीचे शंभर तास आणि कदाचित नोकरी जाईल. नाही म्हणावं तर ती खेळ विकेल, आणि म्हातारी कोणाच्या तरी घरी जाईल, जो तिच्या ओसरीवर थांबणार नाही, थेट मडकी फोडेल. आपण तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आपला निकाल मला मान्य.

आपला मेहुणा,
तुळशीराम

ता. क. म्हातारीचं वाक्य मागच्या पानावर पडद्यावरून पाहून उतरवलं आहे. तीन दुपारी लागल्या, अक्षरांना हसू नका. त्यात माझं नाव आहे, ते मी ओळखलं. बाकीचं आपण वाचून सांगावं. श्रुतीला विचारता येत नाही, तिला मी सगळं समजतं असं सांगून बसलो आहे.

ता. क. २. आपल्याकडे फोन वाजतो आणि ताईनं उचलला की बंद होतो, तो मीच. सुमेधच्या लग्नपत्रिकेत चुलत मामांची नावं होती आणि सख्ख्याचं नव्हतं, ती छापणाऱ्याची चूक होती, हे मला मांडवातच समजलं होतं. पण तोवर मी चप्पल घालून बसलो होतो. ताई मागून फाटकापर्यंत आली होती. "तुळशीराम, जेवून तं जा," म्हणत होती.

ता. क. ३. शनिवारी सकाळच्या बसनं येतो, वाक्याचा अर्थ तोंडीच सांगा. ताई ऐकत असेल आणि ती म्हातारी मला 'चालता हो' म्हणत असेल, तर तसं वाचू नका. 'जेवून जा' असं वाचा.